कपलर

आमच्या संघाचं नाव रविवार,
कारण सात जण कोल्हापूरच्या रविवार पेठेतले,
आणि खेळतो आम्ही शुक्रवारी,
कारण कुवेतमध्ये रविवारी कामावर जावं लागतं.
समोरच्यांना हे दर वेळी सांगावं लागतं.
मलप्पुरमची पोरं ऐकून हसतात,
मग तीन गोल घालतात.

मंगाफच्या मागे, विजेच्या तारांखाली मैदान.
मैदान म्हणजे दाबून बसवलेली वाळू,
रेषा जळक्या डिझेलच्या.
पहाटे पाचला बूट बांधायचे,
सातनंतर बुटातले पाय शिजतात.
गोलपोस्ट माझे. म्हणजे मी बांधलेले:
भंगारातले स्कॅफोल्डिंगचे पाइप, सहा कपलर,
आणि एक पाना, जो अजून माझ्या खिशात असतो.
एकोणीस वर्षं मी इथे उंच गोष्टी बांधतो
आणि काम झालं की उतरवतो.
उतरवली नाही अशी ही एकच.

त्या दिवशी चौथ्याच मिनिटाला त्यांचा गोल.
नवा पोरगा, शिहाब, दाढीही धड फुटली नव्हती,
चेंडू असा घेऊन आला
जसा कोणी काठोकाठ भरलेला चहा आणतो.
मी पाय फाकून उभा. चहा पायांमधून गेला.
मग आमच्या परकारने, दापोलीच्या,
फ्रीकिकवर फेडला,
मग आमचा अजून एक, कसा झाला ते कुणालाच कळलं नाही,
मग त्यांचा.
दोन-दोन.
सरनोबतच्या घोट्यावर कोणीतरी उतरलं.
"काय न्हाई लगा, पट्टी द्या," म्हणाला,
उभा राहिला,
आणि शांतपणे पुन्हा खाली बसला.

तेवढ्यात बस आली.
रिफायनरीचा शटडाऊन चालू, आमच्या पाच जणांना शुक्रवारीही ड्यूटी.
सबरीने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला.
मी गोलमधून ओरडलो, दहा मिनिटं!
तो ओरडला, एकही नाही!
मग त्याने सरनोबतला पाहिलं. आम्हाला मोजलं.
दहा.
इंजिन बंद केलं, किल्ली दातांत धरली,
कंपनीचा शर्ट आरशाला अडकवला
आणि मोज्यांवर आत आला,
पन्नाशीचा माणूस, पुढे पोट, मागे आम्ही.

मन्सूरात मी खेळायचो, असं तो बसमध्ये सांगायचा.
बसमध्ये सगळेच कुठे ना कुठे खेळलेले असतात.
पण तो धावलाच नाही.
चेंडू त्याच्याकडे यायचा, थोडा दम खायचा
आणि शहाणा होऊन पुढे जायचा.
एकदा परकारला त्याने असा सोडला
की समोर फक्त गोलकीपर.
परकारने तो तारांमध्ये मारला.
सबरी अरबीत काहीतरी बोलला, त्याचा अर्थ विचारायची
कुणाला गरज पडली नाही.

आणि शेवटच्या मिनिटाला पुन्हा तो चहावाला.
मी झेपावलो. बोटं लागली, शपथ घेऊन सांगतो, लागली.
चेंडू वर उडाला, आडव्या पाइपवर,
बरोबर त्या कपलरवर
ज्याचा बोल्ट मी आत वळवून आवळला होता,
खरं तर बाहेर हवा होता,
पण त्या दिवशी ऊन होतं आणि मला घरी फोन करायचा होता.
टण्ण.
बाहेर जाणारा चेंडू आत.

तीन-दोन.

गेटवर अकरा मिनिटं उशीर. अर्धा तास कापला,
सबरीचा पूर्ण दिवस.
तो काही बोलला नाही, वाळूने भरलेले मोजे
खिडकीबाहेर झटकत राहिला.
बसभर आयोडेक्सचा वास,
सरनोबत मागच्या सीटवर आडवा,
म्हणतो, "गोल कुणी बांधलेत रं ते?"

संध्याकाळी एकटाच मैदानावर गेलो.
पाना काढला, बोल्टवर लावला.
मग आठवलं,
पुढच्या शुक्रवारी नाणं आमच्या बाजूने पडलं
तर या गोलमध्ये त्यांचा कीपर असेल.
पाना खिशात टाकला.