पोहोच

बोट आज सुटणार नाही.
हे वाक्य मी एकोणीस वर्षं उच्चारलं
रोहुक्युलाच्या धक्क्यावर, काचेमागच्या खोलीत.
समोर माइक, शेजारी थर्मास,
खिडकीखाली गाड्यांची रांग : आइसक्रीमचे ट्रक,
लग्नाला निघालेली माणसं, एकदा एक घोडा.

वाक्य तेच, पण दर वेळी
समुद्र बघून आवाज लावायचा.
वारा असेल तर सरळ.
इंजिन बिघडलं असेल तर थोडं ओशाळून.
कुणी शिकवलं नव्हतं.

मग कंपनीने ॲप आणलं आणि माइक काढला.
भिंतीत स्क्रूची चार भोकं राहिली.
सत्तेचाळिसाव्या वर्षी मी टालिनला नाव घातलं :
डिजिटल संवाद व्यवस्थापन, पदव्युत्तर,
महिन्यातले दोन शनिवार-रविवार.

शेजारी झुराब बसतो, तिबिलिसीचा, पंचविशीतला.
म्हणतो, "उर्वे, तू नुसती हजेरी दिलीस
तरी वाटतं काहीतरी रद्द झालंय."

पहिल्या सेमिस्टरला शब्दच अंगावर आले.
टचपॉइंट. रूपांतराचा दर. पोहोच.
आमच्या पार्सलखिडकीत पोहोच म्हणजे पावती,
घेणाऱ्याची सही, वाकडी का होईना.
इथे पोहोच म्हणजे किती जणांच्या डोळ्यांसमोरून गेलं.
सही कुणाचीच नाही.

रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात
तळलेल्या माशाच्या वासात वाचत बसायचे,
एका परिच्छेदाला तीन कप कॉफी.
मुलगी वरून ओरडायची, "आई, दिवा!"
एके काळी मीच तिला असं ओरडायचे.

कायरे बाई म्हणाल्या,
"संदेश पाठवणं म्हणजे संवाद नव्हे."
मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली,
मग रेघ खोडली.
एवढं तर धक्क्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.
फी मात्र भरून झाली होती.

पण खोटं कशाला बोलू, काही शिकले.
लोक पहिले पाचसहा शब्द वाचतात आणि बोट सरकवतात.
'नाही' शेवटी ठेवलं
तर अर्धे जण बॅगा घेऊन धक्क्यावर उभे.
एकोणीस वर्षं मी 'नाही' शेवटीच ठेवत आले.
आवाज होता म्हणून निभावलं.

नोव्हेंबरात वादळ झालं.
चार वाजून दहा मिनिटांनी ॲपमधून आपोआप निघालं :
"अरेरे! आज समुद्राचा मूड नाही!"
पुढे निळी हसरी लाट.
दोन हजार तीनशे सोळा जणांना गेलं,
शंभरातल्या अठ्ठ्याऐंशींनी उघडलं.
माझ्या प्रबंधासाठी सोन्यासारखे आकडे.
मी लगेच उतरवून घेतले.

सहा वाजता फाटकापाशी एकच व्हॅन, दिवे चालू.
एल्मार. बेटावरचा. बटणांचा फोन,
मागे बायकोसाठी घेतलेलं शिलाई मशीन, गोधडीत गुंडाळलेलं.
पाऊस आडवा येत होता
आणि त्याने खिडकीची काच पूर्ण खाली केलेली,
डोकं बाहेर, कान खांबावरच्या भोंग्याकडे.
दोन तास.

भोंगा मार्चपासून बंद आहे.

मी ओव्हरकोट न घालताच गेले.
वाऱ्यात ओरडावं लागलं, त्याच्या कानाशी वाकून :
बोट आज सुटणार नाही.
"मग तसं सांगायचं ना," तो म्हणाला,
आणि व्हॅन हाप्सालूच्या दिशेने वळवली.

प्रबंधात, चौथ्या प्रकरणात एक तक्ता आहे.
माध्यम, वेळ, पोहोच, प्रतिसाद.
सगळ्यात खाली मी एक ओळ घातली :
तोंडी. सहा वाजून पाच. एक. गाडी वळवली.
समासात कायरे बाईंचा शेरा : "नमुना फार लहान."

बाईंचं बरोबर आहे.
जूनमध्ये तोंडी परीक्षा. झुराब म्हणतो, काढून टाक,
उगाच प्रश्न विचारतील.
रोज रात्री कर्सर त्या ओळीवर नेते,
थोडा वेळ तो तिथे लुकलुकतो,
मग वरून हाक येते, आणि मी दिवा घालवते.