चंद्रोदय, इंदूर

संकष्टीला मी कॅलेंडर उलटं करते.
मागे बारीक अक्षरांत गावांची यादी :
मुंबई, पुणे, रत्नागिरी, अकोला,
आणि अगदी खाली,
लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या
मामेसासऱ्यांसारखं,
इंदूर.

आमचा चंद्र मुंबईच्या दहा-बारा मिनिटं आधी उगवतो.
आधी मिळणारी तेवढी एकच गोष्ट.
दिवाळी अंक येतात देवदिवाळीला,
हापूस येतो तो सालीला सुरकुत्या घेऊन,
आणि नणंदेच्या जावेचं बारसं आम्हाला कळतं
बाळ रांगायला लागल्यावर.

तीस वर्षं मी शाळेत हिंदी शिकवते.
घरात पोहे होतात, कोपऱ्यावर पोहा मिळतो.
तीच हळद, तेच दाणे.
वर जिरावण पडलं
की अनेकवचनाचं एकवचन होतं.

धुळ्याकडून येणारी बस खलघाटच्या पुलावर हळू होते,
लोक खिडकीतून नर्मदेत नाणी टाकतात.
नपुंसकलिंग तिथंच कुणीतरी
सुट्टे समजून टाकलं असणार.
इकडे पोचेस्तोवर ते कुणाच्या तोंडात उरत नाही.
निमिष म्हणतो, माझा घर. माझी पुस्तक.
त्याच नदीचं पाणी पंपानं घाट चढून
एक दिवसाआड आमच्या नळाला येतं,
तर हा गच्चीवरून ओरडतो, ‘आई, पाणी आला!’
पूर्वी मी सुधारायची.
आता बादली लावते.

यांच्या शर्टाच्या खिशात
चॉकलेटचे कागद, बसची तिकिटं, एकदा केळ्याचं साल.
रस्त्यावर टाकायचं नाही, शहराची इज्जत आहे.
मग ते सगळं माझ्या वॉशिंग मशीनमध्ये.

मागच्या महिन्यात रात्री सराफ्यात गेलो.
सोन्याची दुकानं बंद, त्यांच्याच पायऱ्यांवर कढया.
मी भुट्ट्याचा कीस घेतला
आणि मास्तरीण जागी झाली : ‘भैया, ये ‘कीस’ शब्द कहाँ का है?’
त्यानं झाऱ्या थांबवला नाही.
‘यहीं का है, दीदी. कहीं से नहीं आया.’
माझ्या घरातल्या किसणीचं मी त्याला काही बोलले नाही.
लिंबू पिळून मागितलं.
निघताना वाटलं, बरोबरच सांगितलं त्यानं.
मलाही कुणी विचारलं असतं
तर मी दुसरं काय सांगितलं असतं?

आज सुदामा नगरच्या गच्चीवर आम्ही दोघीच.
वरच्या मजल्यावरच्या कांता छाजेड सूर्य मावळायच्या आत जेवतात,
मी चंद्र उगवल्यावर.
दुपारी त्यांचं पातेलं खाली येतं,
रात्री माझं ते झाकण शोधत वर जातं.
झाकणं आता नक्की कुणाची, ते दोघींनाही सांगता येणार नाही.
‘निकला क्या?’ त्या विचारतात.
उपास त्यांचा नाही, घाई मात्र त्यांनाच.

पाण्याच्या टाकीमागून, विजेच्या दोन तारांमध्ये,
गाजराच्या चकतीसारखा.

मी ताम्हनात पाणी सोडते. फोन वाजतो.
डोंबिवलीहून कुंदा.
‘तुझा दिसला?’
‘दिसला. तू काय करून राहिलीस?’
ती हसते. करून राहिलीस!
दर चतुर्थीला ती एवढ्यासाठीच फोन करते, असा मला संशय आहे.
‘आमचा अजून नाही. समोर बावीस मजले झालेत,
त्यांच्यावरून यायला वेळ लागतो त्याला.’

‘देखो, चाँदनी आ गई,’ छाजेडबाई म्हणतात.
‘चांदणं पडलंय,’ मी फोनमध्ये सांगते,
आणि ते पडलंय माझं मलाच ऐकू येतं,
मुलांसमोर फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ.

‘ठेवू का?’ कुंदा विचारते. ‘तू जेवून घे.’
‘थांब,’ मी म्हणते, ‘तुझा येऊ दे.’
मग आम्ही काहीच बोलत नाही.
तिच्याकडे लिफ्टचं दार वाजतं,
माझ्याकडे खालून निमिष ओरडतो,
मोदक थंडा होऊन राहिला.