रक्षाविसर्जन बुधवारी

खडेबाजारात माडीवर वर्तमानपत्राची कचेरी.
टेबलामागचा माणूस म्हणाला,
चाळीस शब्द. त्याच्या वर गेलं की पैसे पडतात.
मी लिहिलं: कडोली येथील रहिवासी
श्रीमती भरमव्वा परशराम कुट्रे, वय ७४
आणि तिथंच थांबले.

वय आधार कार्डाचं.
तिचं स्वतःचं वेगळं होतं,
वरच्या विहिरीला पाणी लागलं त्या उन्हाळ्यापासूनचं.
जन्मली मुंबई राज्यात,
नांदायला आली म्हैसूर राज्यात,
वारली कर्नाटकात;
आणि तिन्ही राज्यं मिळून चालली किती,
तर अगसग्याहून कडोलीपर्यंत,
मधला ओढा धरून.

गृहिणी लिहू काय? त्यानं विचारलं.
मी मान हलवली. हो की नाही,
ते मलाही कळलं नाही.

पहाटे तीनला रताळी धुवायची ती.
पहिल्या बसनं पोतं मार्केट यार्डात.
बसची पाटी कन्नड, तिला कुठलीच वाचता येत नव्हती,
ड्रायव्हरच्या मिशा बघून चढायची.
एका सोमवारी मिशा तशाच, बस दुसरी.
पोचली संकेश्वरला.
रताळी तिथंच खपवून आली,
पोत्यामागं चार रुपये जास्त मिळाले
हे पुढं दहा वर्षं सांगत होती,
रस्ता चुकल्याचं मात्र एकदाही नाही.

हिशेब मराठीत, घासाघीस कन्नडात,
म्हशीला शिव्या दोन्हींत.
म्हैस कुठल्याच भाषेत ऐकायची नाही.

बाबा उद्यमबागेत फौंड्रीला, आई रात्रपाळीच्या दवाखान्यात,
आम्ही तिघं तिच्या पाठीशी, एका चादरीत.
मी कन्नडात नापास झाले त्या दिवशी
ती काही बोलली नाही.
पाटीत रताळी भरली, शेजारच्या निलव्वाच्या
उंबऱ्यावर नेऊन ओतली.
निलव्वा सातवी शिकलेली.
'हिला तुमची अक्षरं घाल गे डोक्यात,' म्हणाली,
'फुकट नको.'
मग दर मंगळवारी पाटीभर रताळी
आणि माझी बाराखडी.
ती दारात बसून ऐकायची,
पाय पसरून, शेंगा फोडत.
मी चुकले की निलव्वाच्या आधी
तिचाच हात थांबायचा.
कसं कळायचं कोण जाणे.

आता मी तहसील कचेरीत
दिवसभर कन्नडात अर्ज लिहिते.
तिच्या पेन्शनचाही मीच लिहिला.
सही कर म्हटलं, तर अंगठा पुढं केला,
मग मागं घेतला, पदराला पुसला.
'माती लागंल कागदाला.'

काल निलव्वा आली. दारातच बसली,
ती बसायची तिथं, पाय पसरून.
'अक्का, नन्न बिट्ट होदी?'
एवढंच.
आमच्या घरात कुणी उलथा करून सांगितला नाही,
कुणाला गरज पडली नाही.

तर पश्चात तीन मुलगे, एक विवाहित मुलगी, सुना, नातवंडे
आणि शेजारीण निलव्वा
असा परिवार आहे.
माणसानं पेन्सिलीच्या टोकानं शब्द मोजले.
एक्केचाळीस.
पेन्सिल शेजारणीवर येऊन टेकली.
परिवारात शेजारीण येत नाही हो, म्हणाला.
येते, मी म्हटलं.
'श्रीमती' काढा.
तशी हाक तिला कुणी मारलीच नव्हती.

घरी पोचले तर दिवेलागण झालेली.
गोठ्यात निलव्वा, मांडीत तांब्या धरून,
म्हशीला आधी तिच्या भाषेत,
मग आमच्या भाषेत शिव्या देत होती,
भरमव्वाच्याच शिव्या, त्याच क्रमानं.
म्हशीनं मान वळवली,
थोडा वेळ कान हलवले,
आणि पान्हा काही सोडला नाही.