तेरावा थेंब

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानाच्या वर,
मी माणसांच्या हातांवर आकडे लिहिते.
मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या पेनाने दोन रांगा,
आणि आकड्यागणिक एक थेंब:
घरातली धूळ, झुरळ, गाजरगवत, शेंगदाणा,
कोळंबीसुद्धा, जिला जन्मात न शिवलेले लोक
हसून म्हणतात, घाला, हातालाच तर लावायचीय.
मग सुईचं टोक, जेमतेम. रक्त येता कामा नये.

बारावा थेंब मिठाच्या पाण्याचा. तिथे काही उठू नये.
तेरावा हिस्टामिनचा. तिथे उठलंच पाहिजे.

पहिल्या खेपेला फाळकेबाईंच्या हातावर
तेराव्यापाशीही काही उठलं नाही.
पंधरा मिनिटं आम्ही दोघी त्या हाताकडे बघत बसलो,
दूध वर यायची वाट बघावी तशा.
"काल गोळी घेतलीत?"
"रोजच घेते. आठ महिने झाले.
नाहीतर अंगभर गांधी, पट्ट्याने मारल्यासारख्या."
मी म्हटलं, गोळी आत जाऊन बसलीय, सगळ्या खुर्च्या अडवून.
हा बिचारा कडी वाजवतोय, त्याला घेतंय कोण?
पाच दिवस गोळी बंद. मग या.
त्यांनी असं बघितलं, जणू मी सांगतेय
विश्वामित्रीत पाय सोडून बसा, मगरींशेजारी.

सहाव्या दिवशी आल्या.
मान, पोट, पापण्या, सगळं सुजलेलं.
आवाज मात्र वेगळा, रात्री कुणीतरी धुवून वाळत घातल्यासारखा.
मी थेंब घालत होते. त्या बोलत होत्या.

"पहिल्या रात्री पंख्याला शिव्या दिल्या.
दुसऱ्या रात्री तीनला बघते तर शेजारी हे नाहीत.
स्वैपाकघरात, स्टुलावर. दिवा नाही, काही नाही.
मकरपुऱ्याचा कारखाना बंद झाल्यापासून रोज असेच उठतात म्हणे.
रोज, अहो. आणि मी बाजूला गोळी खाऊन घोरतेय.
सकाळी विचारायचे, झोप लागली? छान, मी म्हणायची. तुम्हाला?
छान."

सुई नवव्यावर होती. मी हात स्थिर ठेवला.

"मला खाजवताना बघून उठले,
आमसुलं भिजत घातली, पाठीला लावत बसले.
आमच्या वाड्यात, शेजारी गुजराती, ते डाळीत घालतात ते कोकम.
पाठीला लागतं ते आमसूल.
चार रात्री बोललो. एका लेथला ते यमी म्हणायचे.
तेवीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं,
यमी कोण."

मेंदूच्या तळाशी चिमूटभर पेशी असतात.
परीक्षेपुरतं पाठ केलं होतं मी:
त्या हेच द्रव्य शिंपडत राहतात, म्हणून आपण जागे असतो.
म्हणूनच त्या जुन्या, स्वस्त गोळ्या
खाजेबरोबर डोळेही मिटवतात.
खाज आणि जाग.
इतकी वर्षं हे नाव मी चिठ्ठीवर लिहीत आलेय,
शेजारी शेजारी कधी ठेवून बघितलं नव्हतं.

पंधरा मिनिटं.
धूळ सपाट. झुरळ सपाट. शेंगदाणा, गवत, कोळंबी, सपाट.
तेराव्यापाशी हरभऱ्याएवढी गांध, भोवती लाली.
मी पट्टी लावली. सात मिलिमीटर.

"हे कशाचं?"
"कशाचं नाही. हे तुमचंच, सगळ्यांच्याच अंगात असतं.
कातडी ऐकतेय का, एवढंच बघायचं असतं."
"आणि कारण?"
डॉक्टर आतून म्हणाले, पुष्कळदा सापडत नाही,
आणि नव्या गोळीचं नाव लिहायला लागले.
"झोप आणणारी नको," बाई म्हणाल्या.
"ही नाही आणत सहसा."
"मग द्या."

मी स्पिरिटचा बोळा घेतला,
एकापासून पुसत गेले, दहा, अकरा, बारा.
त्यांनी हात मागे घेतला.
"तेरावा राहू दे.
घरी दाखवते."