हात बसेपर्यंत

चुंचाळ्यातल्या आमच्या बालवाडीत घड्याळ आहे,
पण बंद.
वेळ कळते ती कंपनीच्या भोंग्यावरून,
नाहीतर अल्फियाच्या भुकेवरून.

गांगुर्डे आले ते दुसऱ्या पाळीला निघताना.
निळा शर्ट, खिशाला ओळखपत्र,
हातात शिवन्याची वही. कोरी.
"बाई, एप्रिल लागला.
जूनला पहिलीत घालायचीय हिला.
शेजारचं पोरगं शंभरपर्यंत म्हणून दाखवतं पाहुण्यांना
आणि आमची घरी येऊन काय सांगते?
तर, आज मी कंडक्टर होते."

होतीच ती.
चार पाट, दोन खोकी, एक फुटकी परात,
एवढ्यात आमची गाडी सीबीएसवरून सुटते
आणि त्र्यंबकला जाते.
तिकिटं कांद्याच्या सालींची. वारा आला
की सगळे प्रवासी उतरून तिकिटांमागे धावतात.
भाडं पाच चिंचोके.
खंडूकडे निघाले तीन.
शिवन्यानं मोजले, पुन्हा मोजले, म्हणाली,
"तीनमध्ये सातपूरपर्यंतच. तिथं उतर."
मग त्याचं तोंड बघून,
"बरं, बस. दोन उद्या दे."

यातली वजाबाकी मला दाखवता येईल.
पण ते 'बरं, बस' कुठल्या रकान्यात लिहू?

गांगुर्ड्यांना मी हे सांगितलं नाही.
सांगून पटत नाही कुणाला.
मलाही पटलेलं नव्हतं, पहिल्या वर्षी.
तेव्हा मी एकेकाची मूठ माझ्या मुठीत धरून
पाटीवर गिरवून घ्यायचे, दुपारपर्यंत.
भिवसन नावाचा एक मुलगा होता.
त्याला फक्त सोमवारी ताप यायचा.
अ मात्र सुरेख काढायचा.
अजून कधी सिटीलिंकच्या बसमध्ये
त्या वयाचा कुणी दिसला
की मी खिडकीबाहेर बघते.

विचारलं, "तुमचा ट्रेड कुठला हो?"
"फिटर. सातपूरच्या आयटीआयचा."
"पहिल्या दिवशी मशीनवर उभं केलं?"
हसले. "कुठलं बाई!
लोखंडाचा ठोकळा दिला आणि कानस.
दोन महिने नुसतं घासत होतो.
गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला
की पुन्हा घास."
"कशाला पण?"
"म्हणजे काय, हात बसायला नको?"

बोलून गेले, आणि गप्प झाले.

तिकडे दोरीवर बाहुल्यांची धुणी वाळत होती.
शिवन्या टाचा उचलून
एकेका फडक्याला चिमटा लावत होती,
अंगठा, तर्जनी, मधलं बोट.
चिमटा निसटायचा. ती पुन्हा लावायची.
जीभ थोडी बाहेर.
गांगुर्डे स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.
नखाखाली काळं तेल होतं,
साबणानं न निघणारं.

मला वाटलं, जिंकले मी.
तर म्हणतात, "ते सगळं ठीक आहे.
पण पहिलीच्या बाईंनी विचारलं, अ येतो का,
तर मी काय सांगू? ती धुणी वाळत घालते?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही नाही.

भोंगा झाला.
दारात शिवन्या आडवी. "तिकीट?"
त्यांनी खिसे चाचपले. किल्ली, तंबाखूची पुडी
(ती पटकन आत), आणि एक नट.
"हा चालेल का?"
तिनं नट उजेडात धरला, भोकातून बापाकडे बघितलं,
आणि सालीचा मोठ्ठा तुकडा फाडून दिला.
"हे जायचं-यायचं आहे. हरवू नका."

वही तशीच राहिली माझ्या टेबलावर.

संध्याकाळी तक्ता भरायला बसले.
पेन्सिल नीट धरते का? हो किंवा नाही.
मी लिहिलं: चिमटा धरते.
पर्यवेक्षिका परत पाठवतील, मला ठाऊक आहे.
मागच्या वर्षीही पाठवला होता.