टिकलीकडं बघून बोलायचं

भिंत सापडली शेवटी.
आमच्या घरात प्रत्येक भिंतीला काही ना काही आहे.
एकीला ओल, एकीला कॅलेंडर अन् दोरीवरचे टॉवेल,
एकीला फोटोतले अप्पा, प्लास्टिकच्या हारात.
पांढरी, कोरी भिंत निघाली
खाजामियाँच्या दुकानात, शिलाई मशीनच्या मागं.
"बुधवारी अकरा ते बारा मशीन बंद ठेवतो," ते म्हणाले.
"लग्नाचे तीन ब्लाऊज हैत. पण ठेवतो."

नागरगोजे वायरमनला फोन केला.
अकराला लाईट राहील का?
ते हसले. "ताई, उदगीरात माझ्या लग्नातबी गेलती."

मोबाईल ज्वारीच्या डब्यावर,
डब्याखाली दहावीची दोन गाईडं,
आणि कॅमेऱ्याच्या टिंबाशेजारी विरभद्रनं
चिकटवली माझीच एक टिकली, मरून रंगाची.
"हिच्याकडं बघून बोल, अक्का.
पडद्यावरच्या माणसाकडं बघितलंस
तर त्याला वाटतंय तू खाली बघूलालीस."

खाली बघायचं नाही,
हे शिकायला मला तीन दिवस लागले.

रात्री विरू आतल्या खोलीतून फोन लावतो,
आवाज जाड करतो, मेहेंदळे सर होतो.
स्वतःबद्दल सांगा.
"मी सध्या नोकरी शोधूलाले..."
थांब, अक्का. पुन्हा.
शोधत आहे. करत आहे. येत आहे.
जिभेवरचं सगळं लाले-लालाव खरवडून
मी प्रत्येक वाक्याच्या बुडाशी एक 'आहे' सारते,
डगमगत्या पाटाखाली कागदाची घडी सारावी तसं.

पतसंस्था बंद पडली तेव्हा मी अठ्ठावीसची होते.
त्यानंतर तीन वर्षं कागदावर काहीच नाही.
विरू म्हणतो, लोक तिथं 'कौशल्यविकास' लिहितात.

मंगळवार-शुक्रवार लातूरची एसटी.
पिशवीत दोन भाकरी, अप्पांचं पाणी मोजून.
कोणत्या नर्सचा हात हलका,
कोणत्या खिडकीवर कुठला कागद आधी सरकवायचा,
सगळं पाठ होतं.
चार तास अप्पांचं रक्त मशीनमधून फिरायचं,
तोवर मी बाकावर बसून
शेजारच्यांचे योजनेचे फॉर्म भरायचे.
सव्वाशे तरी भरले असतील.
एकही परत आला नाही.
हे सांगायचं,
की 'घरगुती अडचण' म्हणून पुढं जायचं?
विरूला माहीत नाही.
मेहेंदळे सरही गप्प.

आई पलीकडं ज्वारी निवडत होती, परातीत,
डबा माझ्याकडं अडकलेला म्हणून.
"समदं तेच ईचारणार व्हय?"
नाही, शेवटी म्हणतात, तुम्हाला काही विचारायचंय का.
"मग ईचार की.
हे काम तुझ्याआधी कोण करायचं,
अन् ते कुठं गेलं."

विरू हसला.
मला हसू आलं नाही.
शाळेच्या खिचडीचं काम धरलं तेव्हा
आईनं हेडमास्तरांना हेच विचारलं होतं,
अन् उत्तर मिळेपर्यंत चूल पेटवली नव्हती.
मी 'कंपनीतील प्रगतीच्या संधी' खोडलं,
त्याखाली आईचा प्रश्न लिहिला,
शुद्ध करून. मग शुद्ध केलेला खोडला,
अन् तिचा होता तसा लिहिला.

बुधवार. दहा सत्तावन्न.
खाजामियाँनी मशीनवर चादर टाकली
अन् ते पायरीवर जाऊन बसले,
गिऱ्हाईक अडवत, हातानं हुक लावत.
पंखा बंद, नाहीतर आवाज येतो.
मानेवरून एक थेंब ओढणीत उतरतो.
पडद्यावर गोल फिरतोय, फिरतोय,
मग एक चेहरा येतो, एक परका आवाज:
"नमस्कार. माझा आवाज येतोय ना तुम्हाला?"

मी टिकलीकडं बघते.
"येऊलालाय," तोंडातून जातं.

टिकली हलत नाही.