शिवलेली रात्र

केळ्यांच्या खोक्यात तीन कोंबड्या,
वरून सुतळी, सुतळीला गाठ इर्याची.
ती गाठ मी कुठेही ओळखेन.
तिचा मुलगा खोकं पायरीवर ठेवून म्हणाला,
आई आता औलूला आमच्याकडे,
चौथ्या मजल्यावर कोंबड्या चालत नाहीत.
चिठ्ठी नव्हती.

नऊ वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
दलदलीतली माझी लक्क्याची जागा
तिने पाहुण्यांना दाखवली होती.
आईने मरताना फक्त मला सांगितलेली,
बादलीभर पिवळ्या फळांची जागा.
असो. कोंबड्यांचा त्यात काय दोष.

तीन आठवडे त्यांना लाकडांच्या शेडमध्ये ठेवलं.
शिंक नाही, हगवण नाही, पंखाखाली उवा नाहीत.
मग मधे जाळी टाकली.
अलीकडे माझ्या पाच, पलीकडे तिच्या तीन,
आणि रुस्का, माझी थोरली, एक नखी तुटलेली,
दिवसभर जाळीला डोळा लावून.
तो डोळा मला ओळखीचा वाटला.

सगळे सांगतात, नव्यांना रात्री आत सोड.
अंधारात कोंबडीला मोजता येत नाही,
सकाळी शेजारी जी दिसेल ती आपली वाटते.
पण जून महिना, आणि हे केमियार्वी.
इथे सूर्य मावळतच नाही,
रात्री बारालाही तळ्यावर आडवा पडून असतो
कामचुकार गड्यासारखा.
रात्र आणू कुठून?

शेवटी शिवली.
एस्कोचा लष्करी ओव्हरकोट, दोन घोंगड्या,
बटाट्यांची पोती, वर डांबरी कागद.
खिडकी झाकली, दाराच्या फटी झाकल्या,
फळीतल्या गाठीचं भोकसुद्धा बोळ्याने बुजवलं.
मग एकेकीला काखेत धरून आत नेलं.
केवढी ऊब, आणि केवढं धडधडणं
एवढ्याशा पिसांच्या आत.
दांडीवर चाचपून मोजल्या: आठ.
एक बहुधा उलटी बसवली मी.

सकाळी, म्हणजे घड्याळाच्या सकाळी,
कोट ओढला.
तीन श्वास शांतता.
मग रुस्का.

तुऱ्यावर रक्त आलं, त्यावर पाइनचं डांबर लावलं.
कोबीचा गड्डा दोरीने टांगला, की चोचींना उद्योग.
दाण्याची भांडी तीन ठिकाणी मांडली.
दोघी सावरल्या, पळायला शिकल्या, कोपरे शिकल्या.
तिसरी, काळी, घरट्याच्या पेटीमागे घुसली
ती दोन दिवस बाहेर नाही.
दाणा नाही, पाणी नाही.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला.
कोण?
आउने.
लिफ्ट चार मजले चढेल इतका वेळ कुणीच बोललं नाही.
काय म्हणून बोलावतेस त्यांना?
टिपू. सगळेच टिपू म्हणतात.
मीही तेच म्हणते. येत नाही.
म्हणून दाखव.
दाखवलं.
तू बोलावत नाहीस, आउने, ती म्हणाली, तू हुकूम सोडतेस.

गुडघ्यांवर बसून फोन पेटीमागे धरला.
चौथ्या मजल्यावरून इर्याचा आवाज आला,
शेवट वर उचललेला, जणू दार किलकिलं करून:
टिईई-पू, टिईई-पू.
काळी आली. आधी मान, मग धूळ, मग ती.
आणि बाकीच्या साती जणींनी मान वळवली,
रुस्कानेसुद्धा, लाज सोडून.

अजून काय, इर्याने विचारलं.
काही नाही, मी म्हटलं.
लक्क्याचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही.

काळी आता दांडीच्या टोकाला बसते,
दारालगत, जिथे वारा लागतो.
रुस्का तिला चोच मारते अजून,
पण रोज नाही, आणि जेवताना नाही.
मीही तसंच म्हणते हल्ली, शेवट वर नेऊन,
आधी रस्त्यावर कुणी नाही ना ते बघून.

जुलै सरता सरता लक्का पिकेल.
केळ्यांचं खोकं फेकलेलं नाही मी.
सुतळीसुद्धा.